गावच्या सभागृहात कौटुंबिक संगीत नाटक: नव्या हौशी मंडळींसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या गावांत आज ग्रामपंचायतीचे सांस्कृतिक सभागृह किंवा समाजमंदिर असते, भजनी मंडळ असते, पेटी वाजवणारे एखादे गुरुजी असतात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात धिटाईने उभी राहिलेली दहा-बारा मुलेही असतात. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावे असे गाण्यांचे नाटक उभे करायला एवढे भांडवल पुरते. असे प्रयोग अभिनयाच्या कच्चेपणामुळे क्वचितच पडतात. कच्चा अभिनय गावचा प्रेक्षक कौतुकाने पोटात घालतो. प्रयोग पडतो तो पाचव्या रांगेच्या मागे गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत म्हणून. कथा गाण्यातून पुढे सरकत असेल आणि गाणेच कळले नाही, तर मागची मंडळी आपापसांत बोलू लागतात आणि मग पुढच्यांनाही ऐकू येईनासे होते. त्यामुळे सभागृहाच्या निवडीपासून माईकच्या जागेपर्यंतचा प्रत्येक निर्णय शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जाईल का, हे पाहूनच घ्यावा, असे माझे मत आहे.

आधी सभागृह, मग संहिता

नवी मंडळी सहसा नाटक आधी ठरवतात आणि जागा नंतर पाहतात. क्रम उलटा ठेवावा. ज्या सभागृहात प्रयोग करायचा, तिथे एका संध्याकाळी दोघातिघांनी जावे. एकाने रंगमंचाच्या मधोमध उभे राहून वर्तमानपत्रातील बातमी नेहमीच्या आवाजात वाचावी, दुसऱ्याने शेवटच्या भिंतीला टेकून ऐकावी, आणि मग छताचे पंखे सुरू करून तीच बातमी पुन्हा वाचावी. पंखे बंद असताना आवाज घुमत असेल, तर दोष उघड्या भिंतींचा आणि फरशीचा आहे. प्रेक्षक भरले की तो बराच कमी होतो, कारण माणसांचे अंगावरचे कपडे आवाज शोषतात. उरलेला घुमारा मागच्या भिंतीवर गोधड्या किंवा जाड सतरंज्या टांगून आणखी कमी करता येतो. पंखे सुरू केल्यावर शब्द बुडत असतील, तर ती अडचण प्रयोगाच्या रात्रीही तशीच राहणार, हे गृहीत धरून माईकची व्यवस्था करावी लागेल.

त्याच फेरीत टेप घेऊन रंगमंचाची रुंदी, खोली आणि उंची मोजून घ्यावी. वीस फूट रुंद आणि बारा फूट खोल रंगमंचावर आठ-दहा जणांपेक्षा मोठे समूहनृत्य बसत नाही. आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. पुष्कळ सभागृहांत रंगमंचावर चढायला एकाच बाजूने पायऱ्या असतात आणि मागून पलीकडे जायला वाटच नसते, त्यामुळे डाव्या विंगेत (रंगमंचाच्या कडेच्या, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागेत) गेलेले पात्र उजव्या विंगेतून येऊ शकत नाही. अशा ठिकाणी मागचा पडदा भिंतीला चिकटवून न लावता भिंतीपासून अडीच फूट पुढे बांधावा, म्हणजे पडद्यामागे एक बोळ तयार होतो आणि नटांची ये-जा होते.

सभागृह लग्नकार्यासाठीही दिले जात असल्यामुळे तारीख ठरवताना पंचांगातले मुहूर्त पाहून घ्यावेत. सरपंचांचा तोंडी होकार मिळाला तरी तेवढ्यावर थांबू नये. रंगीत तालमीचे दोन दिवस आणि प्रयोगाचा दिवस असे तीन दिवस ग्रामपंचायतीकडून लेखी मागून घ्यावेत.

तारीख आणि गावाचे वेळापत्रक

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ नाटकाचा नव्हे. राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला तर पत्र्याच्या छतावर पाऊस सुरू झाला, की माईकवरचे बोलणेही ऐकू येत नाही. दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीच्या पाळीप्रमाणे घरेच्या घरे अडकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्यापाठोपाठ चैत्रात जोतिबाची आणि गावोगावच्या देवांची यात्रा येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, पण मे महिन्यात वळीव कोणत्या संध्याकाळी कोसळेल आणि त्याबरोबर वीज कधी जाईल, याचा नेम नसतो. या सगळ्यातून वाट काढायची, तर दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर तालमी सुरू करून जानेवारीच्या पूर्वार्धात प्रयोग करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. तोडीत अडकणाऱ्या माणसांना मात्र मोठ्या भूमिका देऊ नयेत.

तालमीची वेळ ठरवताना संध्याकाळच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून माणूस मोकळा कधी होतो, ते आधी विचारावे. शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात पाणी पाजायला जाणारे कलाकार येणार नाहीत, हेही वेळापत्रकात लिहून ठेवावे. अशा आठवड्यात मुलांची गाणी घ्यावीत. जो दिग्दर्शक अशा अडचणींवर चिडतो, त्याची माणसे हळूहळू गळतात.

संहिता, परवानग्या आणि हक्क

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहातील अंतर्गत वापराला त्यात सवलत आहे, परंतु जाळीच्या खिडक्या आणि उघडी दारे असलेले आपले सभागृह बंदिस्त आहे असा दावा करून वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. साडेसातच्या आत गाव मोकळे होत नाही आणि दहाच्या आत पडदा पडला पाहिजे. म्हणजे मध्यंतर धरून अडीच तास मिळतात आणि संहिता दोन तासांहून मोठी असून चालत नाही. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज वेळेवर द्यावा.

सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. नवी संहिता असेल, तर ती टंकलिखित करून दीड-दोन महिने आधीच पाठवावी. पूर्वी रंगभूमीवर आलेले नाटक घेत असाल, तर त्याच्या प्रमाणपत्राची प्रत आणि लेखकाची लेखी परवानगी दोन्ही मागून घ्यावे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तिकीट लावले की ती सूट या आधारावर मागता येत नाही. प्रयोग विनामूल्य असला तरी लेखकाला पत्र लिहावेच. तो शिष्टाचार आहे, आणि गावातून आलेल्या पत्राचा लेखकांना आनंदच होतो.

गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवण्याचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. हक्कांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यात नाटकाचे नुकसान आहे, कारण प्रेक्षक मनातल्या मनात मूळ शब्द म्हणत राहतो आणि आपले शब्द त्याच्या कानावर पडूनही मनात उतरत नाहीत. त्यापेक्षा ओवी, भारूड, गौळण, पोवाडा, वासुदेवाची गाणी अशा परंपरेने आलेल्या चाली घ्याव्यात. त्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत, गावाच्या कानाला ओळखीच्या आहेत, आणि शब्द स्पष्ट पोहोचावेत अशाच रीतीने त्या घडलेल्या आहेत.

विषय निवडताना घरातले भांडण, शेताची वाटणी, शहरातून आलेली सून, हरवलेले वासरू असे काहीही चालते. मात्र नायकाइतकेच काम आजीला आणि मुलांना असावे. संवाद आपल्या बोलीत असू द्यावेत. ‘काय कराय लागलायस?’ हे वाक्य ज्याच्या तोंडी सहज येते, त्याच्याकडून ‘काय करीत आहेस?’ वदवून घेतले की त्याचा चेहराही परका होतो.

गाणी: पट्टी, शब्द आणि साथ

दोन तासांच्या नाटकात सहा ते आठ गाणी पुरतात आणि कोणतेही गाणे चार मिनिटांपुढे जाऊ नये. जुन्या संगीत नाटकात एकेक पद वन्समोअर घेत रंगत असे, ते गाणाऱ्यांच्या तयारीमुळे. आपल्याकडे तयारीच्या गळ्याचा एखादा गायक असेल, तर त्याच्या एका पदात आलापीला जागा ठेवावी. बाकी ठिकाणी हात आखडता घ्यावा.

पट्टीचा, म्हणजे गाणारा पेटीवरचा कोणता सूर ‘सा’ धरून गाणार याचा, प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवावा. काळी एक, पांढरी दोन ही पेटीच्या पट्ट्यांची नावे. पुरुष साधारणपणे काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये मोकळा गातो. स्त्रिया आणि लहान मुले काळी चार, काळी पाचच्या आसपास. एकट्याचे गाणे असले तर ज्याची पट्टी त्याला द्यावी. अडचण येते ती नवरा-बायकोच्या द्वंद्वगीतात. काळी एकमध्ये चाल ठेवली तर बायकोचा आवाज खर्जात बुडतो, काळी पाचमध्ये ठेवली तर नवरा ओरडू लागतो. यावर सोपा उपाय असा, की नवऱ्याचे कडवे काळी एकमध्ये घ्यावे आणि बायकोच्या कडव्याला त्याच पट्टीतला मध्यम (म), म्हणजे काळी तीन, हा षड्ज (सा) मानून तीच चाल वर न्यावी. दोघांनाही झेपते आणि पट्टी बदलल्यामुळे गाण्याला नवा उठावही येतो. आणखी एक सोय होते: काळी एक हा स्वर काळी तीनचा पंचम (प) असल्यामुळे काळी एकला लावलेल्या एकाच तबल्यावर दोन्ही कडव्यांची साथ होते. पेटीवाल्याने दोन कडव्यांच्या मध्ये छोटी सुरावट वाजवून नव्या षड्जावर थांबावे, म्हणजे गाणारीला आपला सूर सापडतो. मुलांच्या काळी चारमधल्या गाण्यांसाठी मात्र दुसरा तबला लावून ठेवावा. प्रयोग चालू असताना हातोडी घेऊन तबला चढवत बसायला वेळ नसतो.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलाला गाण्याची मोठी भूमिका देताना सावध राहावे. या वयात आवाज फुटतो, आणि दिवाळीत गोड गाणारा मुलगा जानेवारीत त्याच पट्टीत गाऊ शकेलच असे नाही. त्याच्या जोडीला दुसऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून तीच गाणी बसवून घ्यावीत.

समूहगायनासाठी भजनी मंडळाला अवश्य बोलवावे. आपल्या भागात सोंगी भजनाची परंपरा असल्याने या मंडळींना गाणे आणि सोंग एकत्र वठवण्याची सवय असते, शिवाय त्यांचे आवाज मोकळे असतात. त्यांच्याकडून एक सवय मात्र प्रेमाने मोडून घ्यावी लागते. लय चढली की ती चढतच जाते आणि शब्द एकमेकांत मिसळतात. तालमीत प्रत्येक गाणे आधी पेटीशिवाय, नुसते संवादासारखे बोलून घ्यावे; जोडाक्षरे आणि ओळीचा शेवटचा शब्द पुरा उच्चारला जातो का, ते पाहावे; मग तालात बोलावे आणि शेवटी गावे. ही पद्धत कंटाळवाणी वाटते, पण तिला पर्याय नाही.

ध्वनिमुद्रित ट्रॅकपेक्षा जिवंत साथ बरी, हे माझे ठाम मत आहे. मूल एक ओळ विसरले तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक थांबत नाही. पेटी, तबला, टाळ आणि एखादी ढोलकी एवढा वाद्यवृंद पुरे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत ऐकायला अंगावर काटा आणणारे धनगरी ढोल बंद सभागृहात वाजवले, तर पुढची दहा मिनिटे प्रेक्षकांचे कान बधिर राहतात. फार हौस असेल तर त्यांना सभागृहाबाहेर, नाटक सुरू होण्यापूर्वी वाजवू द्यावे. वादकांनी रंगमंचाच्या पुढे एका बाजूला, जमिनीवर बसावे आणि पेटीवाल्याला गाणाऱ्याचे ओठ दिसावेत.

तालमी

दहा आठवडे हाताशी धरावेत. पहिल्या आठवड्यात सर्वांनी गोल बसून नाटकाचे वाचन करावे आणि कुणाला कोणती भूमिका हे वाचनानंतरच जाहीर करावे. पुढचे तीन आठवडे फक्त गाण्यांचे. चौथ्या आठवड्यानंतर हालचाली बसवायला घ्याव्यात, त्यासाठी शाळेच्या अंगणात चुन्याने रंगमंचाच्या खऱ्या मापाची चौकट आखावी आणि विंगांच्या जागी खुर्च्या ठेवाव्यात. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस हातातली संहिता सुटलीच पाहिजे. आठव्या आठवड्यापासून नाटक रोज सलग चालवावे, मध्ये कुणीही थांबवू नये, दिग्दर्शकानेसुद्धा. सूचना लिहून ठेवाव्यात आणि शेवटी सांगाव्यात.

मुलांच्या तालमी नऊच्या आत संपवाव्यात आणि रोज एका पालकाकडे त्यांना आणण्या-नेण्याची जबाबदारी द्यावी. स्त्री-कलाकारांच्या घरच्यांशी दिग्दर्शकाने स्वतः जाऊन बोलावे. गावात अजूनही सुनेने नाटकात काम करण्याबद्दल कुजबुज होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना एका तालमीला सन्मानाने बोलावले की ती बहुधा थांबते.

प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून विसरलेले संवाद सांगणारा, हा मंडळातला सर्वांत शांत माणूस असावा. रंगमंच व्यवस्थापक म्हणून दुसरी व्यक्ती नेमावी. पडदा, प्रकाश आणि पात्रांचे प्रवेश यांचा इशारा फक्त तिनेच द्यावा. दिग्दर्शकाने प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांत बसावे आणि आत डोकावू नये.

आवाज आणि वीज

वर्गणीतून जमलेल्या पैशांचा पहिला वाटा ध्वनिव्यवस्थेला द्यावा. लग्नाच्या वरातीचा साऊंडवाला घेतला, तर तो सवयीने मोठे बेस लावतो. त्याला आधीच सांगावे, की आपल्याला माणसाचे बोलणे ऐकवायचे आहे. मुख्य गाणाऱ्या दोघातिघांना कॉलर माईक मिळाले तर उत्तम. बाकीच्यांसाठी रंगमंचाच्या कडेला, स्पंजच्या तुकड्यावर जमिनीलगत ठेवलेले तीन माईक (फूट माईक) चालतात. छताला टांगलेले माईक पंख्यांची घरघर आधी टिपतात, म्हणून ते टाळावेत. माईक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले, तर माईकपर्यंत पोहोचणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. त्यामुळे आवाजाचे बटण वाढवण्याआधी नटाला दोन पावले पुढे आणावे. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला तोंड करून ठेवावेत, नाहीतर शिट्टी सुरू होते. लहान सभागृहात तबल्याला माईक देऊ नये.

विजेची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. 16 अँपिअरच्या एका सर्किटवर सुमारे साडेतीन हजार वॅटचा भार येऊ शकतो, म्हणजे हजार वॅटचे जुने हॅलोजन पार दिवे (रंगमंचावर झोत टाकणारे डब्याच्या आकाराचे दिवे) फार तर तीन. एलईडी पार घेतले तर भार पुष्कळच कमी होतो. दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या सर्किटवर ठेवावेत, कारण डिमरची (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर माईकचे उपकरण जोडू नये. जनरेटर असल्यास तो खिडकीपासून दूर, धूर आणि आवाज वाऱ्याबरोबर सभागृहाकडे येणार नाही अशा बाजूला ठेवावा.

आगीबाबत हयगय नको. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, पॅलेस थिएटर म्हणून 1915 मध्ये सुरू झालेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडले, ते कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. रंगमंचावर पेटती चूल, समई किंवा कापूर यांऐवजी बॅटरीचे दिवे वापरावेत. दोन अग्निशामक नळकांडी विंगेत ठेवून ती चालवायची कशी, हे चौघांना शिकवावे. आणि प्रयोग चालू असताना सभागृहाचे एकही दार कुलपात असू नये. फुकट्या प्रेक्षकांना अडवण्यासाठी मागचे दार बाहेरून कडी लावून बंद करण्याची पद्धत धोकादायक आहे.

नेपथ्य, वेशभूषा

यात फार अडकू नये. इचलकरंजीहून आणलेला मांजरपाट मागच्या पडद्याला आणि विंगांना पुरतो. घराचा एक दरवाजा, एक बाज आणि तुळशीवृंदावन एवढ्यात वाड्याचा भास होतो. पडद्याला गडद रंग द्यावा, कारण पांढऱ्या कापडावर प्रकाश पसरून नटाचा चेहरा हरवतो. अंधारात सामान हलवणाऱ्यांसाठी जमिनीवर रेडियमच्या पट्टीचे छोटे तुकडे चिकटवावेत. कपडे घरातलेच, पण रंगीत तालमीच्या दोन्ही दिवशी संपूर्ण पोशाखात काम करावे, कारण नऊवारी नेसून चपळ हालचाल करणे आणि फेटा बांधलेला असताना कानावर साथ नीट पडणे या दोन्हींची सवय करावी लागते. लाकडी फळ्यांच्या रंगमंचावर कोल्हापुरी चप्पल करकरते आणि तो आवाज फूट माईक थेट प्रेक्षकांना ऐकवतो. तळाला पातळ रबर लावून घ्यावे किंवा अनवाणी काम करावे.

प्रयोगाचा दिवस

दुपारी तीनला सर्वांनी यावे. आधी आवाजाची चाचणी, तीही पंखे चालू ठेवून, आणि प्रत्येक गाण्याचे एक कडवे म्हणून. नारळ आणि नटराजपूजन साडेसहाला उरकावे. मान्यवरांचे सत्कार हे गावातील प्रयोगाचे खरे संकट असते. शाल-श्रीफळ आणि भाषणे यांत पाऊण तास गेला, तर शेवटचा अंक दहाच्या पुढे जातो आणि मुले आईच्या मांडीवर झोपी जातात. सत्कार मध्यंतरात, दहा मिनिटांत, भाषणांशिवाय होतील असे ग्रामपंचायतीशी आधीच ठरवून घ्यावे. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याऐवजी तिथे सतरंजी टाकून मुलांना बसवावे. मुले मागे बसली की उभी राहतात आणि मग त्यांच्यामागचे सगळेच उभे राहतात.

पहिल्या गाण्याच्या वेळी मंडळातला एक जण शेवटच्या रांगेत उभा असावा. शब्द कळत नसतील, तर त्याने साऊंडवाल्याला हाताने खूण करावी; ती खूण आधी ठरलेली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह झाडून किल्ली परत द्यावी, भाड्याच्या सामानाच्या पावत्या घ्याव्यात आणि आठवड्याच्या आत जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. वर्गणी देणाऱ्यांची नावे त्यात असावीत, रकमेसह. शेजारच्या गावातून प्रयोगाचे बोलावणे आले, तर होकार देण्याआधी तिथला रंगमंच टेप घेऊन मोजून यावा.